तासलेले उंबरे

वडिलांचे डोळे गेले तेव्हा मी मुंबईला एका कचेरीत कारकून होतो. काचबिंदू होता. वर्षभरात सगळा उजेड गेला. त्यांनी जन्मभर गलबतावर काम केलं, शेवटची पंधरा-वीस वर्षं तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, म्हणून. मंगळूरची कौलं मुंबईला न्यायची, येताना मिळेल तो माल आणायचा. आई आधीच गेली होती. मालवणच्या घरी वडील आणि माझी थोरली बहीण, एवढी दोनच माणसं. बहीण लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन परत आली होती. तिला मी बाय म्हणतो.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी, चैत्रात, बायचं पत्र आलं. शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. बाबा विहिरीपाशी घसरले, ढोपर फुटलं, आता बरे आहेत. पण पावसाळ्यात मला एकटीला सांभाळणं कठीण, तर चार महिने तुझ्याकडे ने.

माझ्याकडे म्हणजे चाळीतली एक खोली. बायकोने पत्र वाचून घडी घालून ठेवलं. मीच म्हणालो, त्यांना इकडे करमणार नाही, त्यापेक्षा जाऊन घरच नीट करून येतो. हे मी त्यांच्या सोयीसाठी केलं असं पुढे बरीच वर्षं मानत आलो. खरं असं, की आंधळ्या बापाचा हात धरून संडासाच्या रांगेत उभं राहायची मला लाज वाटली.

मे महिन्यात आठ दिवसांची रजा काढून बोटीने गेलो. पहिले दोन दिवस वडील घरात कसे वावरतात ते पाहत बसलो. आमचं घर साधं, चिऱ्याचं. मागे रांधप, म्हणजे स्वयंपाकघर, मग माजघर, मग ओटी, पुढे उघडी पडवी. पडवीपुढे अडीच हात खाली खळं, म्हणजे शेणाने सारवलेलं अंगण. उतरायला मधोमध तीन दगडी पायऱ्या. रांधपातून पडवीपर्यंत एका रेषेत तीन दारं आणि तीन उंबरे.

सकाळी पेज जेवून वडील निघायचे ते या तीन दारांतून, पायऱ्या उतरून, खळ्यातून थेट पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत. हात कुणाचा नाही. पुळणीवर नारळाच्या ओंडक्यावर बसून वारा कुठला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि दुपारच्या जेवणाला परत यायचे. त्या चालण्यावर त्यांचा फार जीव होता. बाय एकदा हात धरायला गेली तर म्हणाले, "गो बाय, माका घरात तरी माझो मी रवांदे."

मला दिसलं ते एवढंच, की प्रत्येक उंबऱ्याला त्यांचा अंगठा ठेचकाळतो. ठक्क आवाज व्हायचा, ते क्षणभर थांबायचे, मग पाय उचलून पलीकडे. मी मनाशी म्हटलं, म्हातारा दिवसातून वीस वेळा पडता पडता वाचतो आहे.

तिसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. घरापासून विहिरीपर्यंत कमरेच्या उंचीवर काथ्याची दोरी बांधली. विहिरीकडच्या दगडांवरचं शेवाळ खरवडून काढलं. न्हाणीत धरायला वाशाचा तुकडा ठोकला. वडील खूश होते. दोरीवरून हात फिरवत विहिरीपर्यंत जाऊन आले. म्हणाले, "दोरी बरी. पण मधली गाठ सोडव. गाठीवरसून हात सुटता." मी गाठ सोडवली. तेवढं एक काम मी त्यांना विचारून केलं, तेही त्यांनीच सांगितलं म्हणून.

उंबऱ्यांचं मात्र मी कुणाला विचारलं नाही. नाही म्हणतील हे ठाऊक होतं, म्हणून एक दिवस बैलगाडी ठरवून वडिलांना आणि बायला धामापूरला भगवतीच्या दर्शनाला पाठवलं आणि मेस्ताला, म्हणजे आमच्या सुताराला, बोलावलं. मेस्त करवत खाली ठेवून उंबऱ्यावरच बसला.

"भल्या माणसा, उंबरो कोण तासून घेता? बापाशीक इचारलंस?"

"इचारलंय," मी म्हणालो.

"आणि भैणीक?"

"तुका मजुरी व्हयी की पंचायत?"

"मजुरी," मेस्त म्हणाला आणि कामाला लागला. संध्याकाळपर्यंत तिन्ही उंबरे जमिनीसरसे झाले. त्याने वर रंधाही मारला. हात फिरवला तर सांधा लागू नये, इतकं सफाईचं काम.

गाडी आली. बाय पुढे होती. ती दारातच थांबली.

"अरे मेल्या, आता उंबऱ्याचा गंध-फूल खंय लावू? तुझ्या कपाळाक?"

वडील तिच्यामागून आले. अंगठा पुढे करून त्यांनी उंबरा शोधला. मग थोडा आणखी पुढे शोधला.

"उंबरो खंय गेलो?"

"काढलंय, बाबा. आता पाय अडकूचो नाय."

"अडकता कोणाचो होतो?"

मी म्हणालो, रोज बघतो मी, अंगठा आपटतो. त्यावर ते हसले. मोठ्याने नव्हे.

"आपटना नाय रे, मी मुद्दाम आपटतंय. पैल्या ठोक्याक कळता माजघर इला. दुसऱ्याक ओटी. तिसऱ्याक पडवी. थंयसून सात पावलां, मगे पायरी. आता मी खंय आसंय ता माका कोण सांगतलो?"

"सवय होईल," मी म्हणालो. शुद्ध मराठीत म्हणालो. कचेरीत लोकांना परत पाठवताना बोलतो तसं.

त्यांनी अंगठ्याने पुन्हा एकदा जमीन चाचपली. मग म्हणाले, "तीन दीस माझो हात धर. रांधपापासून नव्यान पावलां मोजून घेतंय. मगे जा तू मुंबयक."

माझी बोट परवाची होती. तरी मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनदा हात धरून त्यांना आतून बाहेर नेलं. ते पुटपुटत मोजत होते. दर वेळी आकडा वेगळा येत होता, कारण मी घाईने चालवत होतो.

दुपारी बाय विहिरीवर धुणं धूत होती. मी पडवीत बसून मुंबईला न्यायचे आंबे करंडीत गवताच्या थरात लावत होतो. आतून हाक आली, "रे झिला, वायच ये. हात दी."

"येतंय."

थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. मी पुन्हा म्हणालो, येतंय. करंडीचा वरचा थर राहिला होता.

तिसऱ्यांदा हाक आली नाही. मान वर केली तेव्हा वडील पडवीत होते आणि अजून ओटीवरच असल्यासारखे चालत होते, पाय मोकळे टाकत, पायऱ्यांपासून दोन हात बाजूला. मी "बाबा" म्हणालो तेव्हा त्यांचा पाय जोत्याच्या बाहेर पडला होता.

ते खळ्यात पडले, पायऱ्यांच्या दगडाला कंबर लागून.

आवाजाने शेजारची काकी धावत आली, तिच्यामागे वाडीतली आणखी चार-पाच माणसं. बाय ओल्या हातांनी मागून आली. काकीने विचारलं, "कसो पडलो रे?" माझ्या तोंडून जे निघालं ते आजही जसंच्या तसं आठवतं.

"बायेन पाट वाटेत टाकलो होतो."

पाट वाटेत नव्हता. रांधपात होता. तो मला का सुचला हे सांगता येत नाही. बायने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. वडील शुद्धीवर होते, त्यांनी ऐकलं. ते एवढंच म्हणाले, "पाय हलना नाय."

कणकवलीपलीकडून हाड बसवणारा आणला. त्याने काड्या बांधल्या. खुब्याचं हाड होतं, ते बसलं पण पाय आखूड झाला. मी रजा चार दिवस वाढवली आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने मुंबईला गेलो. करंडीतले आंबे तोवर पिकून उतरले होते. ते तिथेच टाकले.

वडील त्यानंतर पाच वर्षं जगले. घरातून खळ्यापर्यंत, तेही बायच्या खांद्यावर हात ठेवून. पुळणीवर पुन्हा गेले नाहीत. पुढच्या वर्षी बायने त्याच मेस्ताकडून तिन्ही उंबरे नवे बसवून घेतले. तोवर त्यांच्या अंगठ्यात ठोका मारायची ताकद नव्हती. मी दर मे महिन्यात जायचो, ते माझ्याशी बोटींबद्दल बोलायचे. पडण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढायची शक्यताच नव्हती.

पाटाची गोष्ट मात्र वाडीत राहिली. काकीची जीभ मुळात तिखट. बाय कुणाच्या लग्नकार्यात पंगतीचे पाट उचलायला गेली की काकी सगळ्यांसमोर म्हणायची, "बाय गो, भिंतीक टेकून ठेव हां. हयसर म्हातारी माणसां आसत." लोक हसायचे. एकदा मीही तिथे होतो. वाकून पत्रावळी मांडत राहिलो.

गेल्या मे महिन्यात, मला पन्नासावं लागल्यावर, हे मी बायकडे बोललो. ती भाकऱ्या थापत होती. मी म्हणालो, त्या दिवशी मी खोटं बोललो. तिने भाकरी तव्यावर टाकली.

"माका सांगतंस? पाट मीच रांधपात ठेवन धुण्याक गेललंय, माका ठावक नाय तो खंय होतो?"

"मग बोललंस कित्याक नाय?"

"बाबांनी नको म्हटल्यानी. म्हणाले, तेका भायर चार लोकांत वावरूचा आसा, तुका घरातच रवाचा आसा. सोस."

तिने भाकरी उलटली. माझ्याकडे पाहिलं नाही. "माझ्याकडे बोलान काय जाता? मी होतंय थंय. ज्यांका सांगलंस तेंका जाऊन सांग."

त्यांतली बरीच माणसं आता नाहीत. काकी आहे. संध्याकाळी तिच्याकडे गेलो. ती पडवीत झावळी विणत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: उंबरे, हाका, करंडी, पाट. तिचे हात मध्येच थांबले.

"आणि मी त्या बापडीक काय काय बोललंय रे!"



"बस," ती म्हणाली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिने आत जाऊन कोनाड्यातून मुलाला पाठवायचं एक कोरं पोस्टकार्ड आणलं. "माझो झील येताहा पुढच्या म्हयन्यात. न्हाणी घरात घेतलो, जमनीक लादी घालतलो, सगळा ठरवून मोकळो झालोहा. माका लिवूक येना नाय. लिही."

मी लिहायला बसलो. ती सांगत गेली. लादी घालायची नाही, ओल्या पायाला घसरते. न्हाणी घरात घे, पण दगड आहे त्याच बाजूला. पायरीला कठडा घाल, तो लवकर घाल. आणि हात लावायच्या आधी माझ्यासमोर बसून विचार. मी मालवणी ऐकत होतो आणि शुद्ध मराठीत उतरवत होतो.

"झाला?" मी विचारलं.

"नाय. तुमच्या घरात काय घडला ता पण लिही. तुझ्या बापाशीचा. त्याशिवाय तो माझा आयकाचो नाय."

"काकी, ह्या कार्ड. उघडा आसता. पोस्टमन वाचतलो. मी उद्या बाजारातून पाकीट आणतंय."

"वाचांदे," ती म्हणाली आणि पुन्हा झावळी ओढून घेतली. "तो वाचता म्हणान तर वाडीत सगळ्यांका कळता."

कार्डावर जागा थोडी उरली होती. मी अक्षर बारीक केलं. उंबरे कुणी तासायला लावले ते लिहिलं, हाका किती आल्या ते लिहिलं, पाट कुठे होता ते लिहिलं. शेवटी, हे लिहिणारा तो मुलगाच आहे, असं लिहून खाली सही केली. काकीने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि कमरेच्या पिशवीत ठेवलं. पेटीत मीच टाकेन, म्हणाली. तुझा भरवसा नाही.