आईचा अर्धा राहिलेला सिनेमा

मंडळी, मी या ग्रुपवर फक्त वाचतो. आज राहवलं नाही म्हणून लिहितोय.

दर शनिवारी इथे परदेशी सिनेमे सुचवणारा माझा मोठा भाऊ दीड महिन्यापूर्वी गेला. आईला वाचता येत नाही. पडद्यावरच्या इंग्रजी ओळी दादा तिला वऱ्हाडीत सांगायचा. हरवलेली शेळी शोधणाऱ्या तुर्की म्हातारीचा सिनेमा त्यांचा अर्धा राहिला होता.

आज दुपारी आईनं विचारलं, "त्या बुढीले शेळी भेटली का नाही रे?" मी टीव्ही लावला आणि ओळी सांगू लागलो.

तेवढ्यात आर्णीहून नात्यातले एक काका भेटायला आले. कपाशीवरच्या बोंडअळीचं बोलून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, वर्ष नाही झालं अन् पिक्चर पाहून राह्यल्या? लोक काय म्हणतीन?"

हेच काका दादा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या ओसरीत मोबाईलवर क्रिकेट पाहत होते. 

आई शांतपणे म्हणाली, "भाऊजी, पोराचं अर्धं राह्यलेलं पाहून राह्यली मी. तुम्हाले पाहाचं असन तं बसा."

काका चहाही न घेता गेले. आईनं दुःख कसं करावं, हे ठरवणारे हे कोण?

शेळी सापडते का, ते सांगत नाही. नाव कमेंटमध्ये देतो, घरी जरूर पाहा. आणि कमी संवादांचे सिनेमे मला सुचवा. पुढच्या शनिवारी काय पाहायचं, ते आई विचारतेय, आणि मला दादासारखं भरभर सांगता येत नाही.