जबलपूरच्या तपासलेल्या वह्या

गाडरवारा स्टेशन मागे पडलं आणि खिडकीबाहेर फुलावर आलेली तूर दिसू लागली. हिवाळ्यातलं धुकं शेतांवरून अजून हललं नव्हतं. वर्ध्याहून निघताना मी एक रिकामी ट्रंक बरोबर घेतली होती. जबलपूरहून इतिहास भरून आणते, असं शाळेत गमतीनं सांगून आले होते.

बोलावणं कुमुदताईंचं होतं. आमची ओळख नागपुरातल्या एका शिक्षक-प्रशिक्षणात झालेली. त्यांचं घराणं मराठ्यांच्या काळात चाकरीसाठी जबलपुरात गेलं ते तिथलंच झालं. राइट टाउनमधल्या एका हिंदी शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं इतिहास शिकवला आणि तिथं एक इतिहासाची खोली उभी केली. राज्याचा मातीचा उठावाचा नकाशा, कलचुरी राजांपासून राज्याच्या स्थापनेपर्यंतची लांबलचक कापडी काळपट्टी, आणि 'घर का इतिहास' नावाच्या वह्या. सहावीच्या प्रत्येक मुलानं घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारायचं, आपण या शहरात कुठून आलो, कसे आलो, आणि ते वहीत लिहायचं. हा उपक्रम मीही त्यांच्याकडूनच उचलला होता.

"खोली रिकामी करून राहिले ते लोक," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "तू ये अन् सारं घेऊन जा. तुझ्या पोरांच्या कामी तरी येईल."

मदन महाल स्टेशनवर उतरले. रिक्षावाल्यानं राइट टाउनऐवजी नेपियर टाउनला नेऊन सोडलं. एका कोचिंग क्लासच्या दारात ट्रंक घेऊन मी अर्धा तास उभी. मुलं आत शिरत होती, बाहेर पडत होती. शेवटी दुसरी रिक्षा केली.

कुमुदताई घराच्या फाटकातच उभ्या होत्या. गुडघ्यांनी पार वाकल्या होत्या. "काहून इतका उशीर? पोहे गार झाले ना," म्हणाल्या. पोह्यांबरोबर त्यांनी खोये की जलेबी (खव्याची, काळसर, जाड जिलबी) आणून ठेवली होती. स्वतः मात्र एक घासही नीट खाल्ला नाही. त्यांचं सारं लक्ष घड्याळाकडे.

शाळेत पोचलो तर इतिहासाच्या खोलीला नवा रंग लागला होता. भिंतीवर मोठा पडदा, खाली नवी बाकं. मुख्याध्यापक तरुण होते, अदबीनं वागणारे. त्यांनी आम्हाला जिन्याखाली नेलं. मातीचा नकाशा तिथं भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याला ओल लागली होती आणि नर्मदेची निळी रेघ मधोमध तडकून तिचे तुकडे खाली पडले होते. काळपट्टी मात्र गुंडाळलेली, धड होती.

"और कॉपियाँ?" कुमुदताईंनी वह्यांबद्दल विचारलं.

"मैडम, वो तो रद्दी में दे दीं. हमने देखा, सब जाँची हुई हैं, पुरानी हैं. हमें लगा अब किस काम की."

कुमुदताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. पाणी मागितलं. मुख्याध्यापक खरोखरच ओशाळले. त्यांनी रद्दीवाल्याचा पत्ता दिला आणि रिक्षाही मागवून दिली. रद्दीवाल्यानं हातातलं काम न थांबवताच सांगितलं, "दीदी, कागज तो परसों गाड़ी में निकल गया."

मला वाटलं, आता घरी जाऊ. पण कुमुदताई म्हणाल्या, "चलो, कमानिया गेटला जाऊ. पोरांना नेत होती मी तिथं. तू बघून तर घे." बाजारातल्या त्या जुन्या गेटखाली मुलांना उभं करायचं, प्रत्येकानं एका दुकानदाराला त्याच्या आजोबांचं गाव विचारायचं आणि मग शाळेत जाऊन ती सगळी गावं नकाशावर टाचणीनं लावायची, असा त्यांचा धडा असे. गेटभोवती स्कूटर, हातगाड्या, माणसं यांची दाटी होती. कुमुदताई माझा दंड धरून चालत होत्या.

"मैडम! आप?"

एका बांगड्यांच्या दुकानातून चाळिशीचा एक माणूस धावत आला आणि त्यांच्या पाया पडला. नईम नाव. त्यांचा जुना विद्यार्थी. त्यानं आम्हाला आत बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "मैडम, मेरी बेटी छठी में है. मेरे दादा यहाँ कैसे आए थे, पूछती रहती है. दादा तो रहे नहीं. मेरी वो कॉपी मिल जाएगी? आपने सबकी रख ली थी. बोली थीं, घर में खो जाएगी, यहाँ सँभली रहेगी."



"देखती हूँ, बेटा," कुमुदताई म्हणाल्या.

 घरी आल्यावर कुमुदताईंनी देवापाशी दिवा लावला आणि तिथंच पाठमोऱ्या बसून म्हणाल्या, "खोटं बोलली मी त्याला."

"तुमची काय चूक, ताई?"

"घरी ठेवली असती तर राहिली असती ना ती. मीच मागून घेतली सगळ्यांची."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला आम्ही पुन्हा गेलो. कुमुदताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. खोली, रद्दी, गाडी. मी त्यांच्या मागे उभी होते. नईमनं ऐकून घेतलं. रागावला नाही. स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "आपको कुछ याद है, मैडम? मैंने क्या लिखा था?"

त्यांना आठवत होतं. डोळे मिटून त्या हिंदीत सांगत गेल्या आणि नईम एका बिलाच्या मागच्या बाजूला लिहून घेत गेला. आजोबा फिरोजाबादहून बांगड्यांची टोपली घेऊन आले. वाटेत निम्म्या फुटल्या. स्टेशनवर उतरले तेव्हा ते रडत होते. "मग मी लाल शाईनं लिहिलं होतं, 'क्यों रो रहे थे? पूछकर लिखो.' अन् तू दुसऱ्या दिवशी विचारून आला," हे मात्र त्यांच्या नकळत मराठीत आलं, पण त्याला समजलं.

"हाँ. पूरा पन्ना लिखा था."

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

नईमनं पेन खाली ठेवलं.  "चूड़ियों के लिए नहीं रोए थे. इतना याद है. कुछ और बताया था." त्यानं मान हलवली. कुमुदताईंनाही ते आठवेना. त्या पुन्हा पुन्हा डोळे मिटत होत्या. एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि आम्ही उठलो.

संध्याकाळच्या गाडीनं मी निघाले. ट्रंकेत फक्त कापडी काळपट्टी होती. गाडी मदन महालच्या टेकडीवरच्या काळ्या खडकांजवळून गेली, तेव्हा खिडकीतून काही पाहावंसं वाटलं नाही. एका राज्याचा इतिहास त्या पट्टीवर नीट उतरलेला होता. राजे, लढाया, सुभे, सगळं जागच्या जागी. तो कुठल्याही पुस्तकात पुन्हा सापडेल. एक माणूस स्टेशनवर का रडला ते मात्र आता कुठंच सापडणार नाही.

शाळेत परतल्यावर मी माझं कपाट उघडलं. माझ्या मुलांच्या वह्याही मी अशाच मागून घेतल्या होत्या, सांभाळते म्हणून. पुढचे काही रविवार घरोघर जाऊन त्या परत केल्या. बहुतेकांनी घेतल्या, काहींनी नुसत्याच कोपऱ्यात ठेवल्या. तीन घरांना कुलूप होतं. माणसं कामासाठी कुठं गेली, शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या तीन वह्या अजून माझ्याकडे आहेत. मी त्या अधूनमधून वाचते, पाठ व्हाव्यात म्हणून.