मामाजींचा अंगठा आणि काचेची पाटी

फोन आला तेव्हा दुकान उघडायला अर्धा तास होता आणि माझ्या हातात मालाच्या भावाच्या चिठ्ठ्या होत्या. पुण्यातल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, पुस्तकं वाचायची यंत्रं मिळतात त्या काउंटरवर मी उभी असते. रोज सकाळी कालचे भाव काढायचे आणि संगणक सांगेल ते आजचे लावायचे, हे माझं पहिलं काम. फोन खामगावहून होता, नणंदेचा. "वहिनी, बाबा गेले," एवढंच शोभा म्हणाली आणि पुढचं तिच्या मिस्टरांनी सांगितलं. सकाळी उठले, चहा मागितला, चहा येईपर्यंत... मी नुसती हो हो म्हणत राहिले. फोन ठेवला. हातातल्या चिठ्ठ्या मी लावत गेले. शेवटची चिठ्ठी लावताना मात्र हात थांबला. पान उलटायला बाजूला दोन बटणं असलेलं यंत्र होतं ते. भाव कालचाच होता. तो उतरायची मी दोन महिन्यांपासून वाट पाहत होते... मामाजींसाठी.

मामाजी म्हणजे माझे सासरे. खामगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचं काम त्यांनी जन्मभर केलं. कापसाची गाडी आत आली की हे मधूनच हात घालायचे, चिमूटभर रुई काढायचे आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचे. पुन्हा जुळवायचे, पुन्हा ओढायचे. शेवटी उरलेला सारखा धागा काळ्या कापडावर ठेवून त्याची लांबी बघायचे आणि भाव बोलायचे. दिवसातून किती वेळा, त्याला गणती नाही. त्यामुळे त्यांचे अंगठे जन्माचे वाळले होते. कातडी खडूसारखी कोरडी आणि टणक. लग्नानंतर मी पहिल्यांदा पाया पडले तेव्हा डोक्यावरून फिरलेला तो हात केसांत अडकला होता, आणि ते लाजून म्हणाले होते, "जिनिंगचा हात हाय, पोरी. याले लोकर बी अडकते."

मी तिकडच्याच सोनाळा गावची. नववीत शाळा सुटली, त्याला काही मोठं कारण नव्हतं. दोन वर्षं घरी बसले, मग स्थळं पाहणं सुरू झालं. सासरी आले तेव्हा कुणी शिक्षण विचारलं की मी भांडी उचलायच्या निमित्तानं आत जायचे. मामाजींनी कधी विचारलं नाही. त्यांना नगरवाचनालयातल्या जाडजूड कादंबऱ्यांचं वेड होतं. घरी आले की हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि पुस्तकात शिरायचे. मी आत भाकरी थापत असायचे. लग्नानंतर महिनाभरात एकदा त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट ओढला आणि म्हणाले, माझे डोळे दुखून राह्यले, दोन पानं तू वाच. डोळे काही दुखत नव्हते, हे मला फार पुढे कळलं. मी अडखळत वाचलं. जोडाक्षरं आली की मी थांबायचे. ते दुरुस्त करत नसत, फक्त वाट पाहत. मी ते अक्षर कसंबसं पार केलं की "हं, मंग?" म्हणायचे. जणू पुढं काय झालं हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. अशी आम्ही चार-पाच पुस्तकं काढली. पण शेवटचं पान मी कधीच वाचलं नाही. मुलं, पाहुणे, सणवार, काहीतरी आडवं यायचं आणि उरलेलं पुस्तक ते स्वतः संपवून वाचनालयात देऊन यायचे.

ह्यांच्या कामासाठी आम्ही पुण्याला आलो. सासूबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. दुकानात माणसं घेतात असं कळलं तेव्हा मी ह्यांना सांगायच्या आधी मामाजींना फोन केला. नववी शिकलेल्या बाईला कोण उभं करील, माझं बोलणं ऐकून लोक हसतील, असं मी बरंच बोलले. ते म्हणाले, "तुले वाचता येते. समोरच्याले जे पाह्यजे ते वाचून सांगायचं, एवढंच तं काम हाय. भेते काऊन?" आज सहा वर्षं मी तेच करते. डब्यावर लिहिलेलं वाचते आणि समोरच्याला सांगते. भीती अजून गेलेली नाही, पण पगार वेळेवर होतो, आणि त्यासाठी मी ज्यांना मनात नमस्कार करते त्यात पहिले तेच.

मागच्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, उरलेलं जपायचं. कडेनं दिसायचं, पण छापील अक्षर पाहायला गेलं की नेमकं तेच पुसलं जायचं. वाचनालयातून आणलेली कादंबरी अर्ध्यावर तशीच परत गेली. खामगावातच राहणारी शोभा सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे असायची; ती म्हणाली, दुपारभर नुसते बसून असतात, रेडिओही लावत नाहीत. मी त्यांना सांगितलं की माझ्या काउंटरवर एक पाटी मिळते. तिच्यात पुस्तक असतं, पडदा कागदासारखा असतो, डोळ्यांवर उजेड मारत नाही आणि अक्षर लिंबाएवढं करता येतं. ते लगेच म्हणाले, "लिंबाएवढं? मंग घे बाप्पा."

घ्यायला हवी होती. त्याच आठवड्यात.

पण मी त्या काउंटरवर रोज उभी असते, हीच अडचण झाली. एका कंपनीनं भाव पाचशेनं खाली आणला की चार दिवसांत दुसरी सातशेनं आणते. तिसरी सोबत कव्हर फुकट देते. सणाच्या आधी चढवतात आणि सणाला उतरवतात. माणसं येतात, अर्धा तास हाताळतात, मला सगळं वाचायला लावतात आणि माझ्यासमोर उभं राहून फोनवर दुसरीकडून मागवतात. ज्यांनी घेतलं ते आठवड्यानं पावती घेऊन येतात, आता तर हे स्वस्त झालं म्हणून माझ्यावर चिडतात. त्यांचे चेहरे पाहून पाहून मला धसकाच बसला होता. मामाजींचे पैसे पेन्शनीचे, त्यात चूक नको. शिवाय कोणती घ्यावी हेही ठरेना. एका कंपनीकडे मराठी पुस्तकं जास्त, पण तिथं घेतलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाच्या पाटीत उघडत नाही, म्हणजे आयुष्यभर त्यांच्याच दारात. दुसरीच्या पाटीत कुठलंही पुस्तक उघडतं, पण मराठी अक्षरांच्या वेलांट्या सुट्या पडतात. तिसरी सगळ्यात चांगली, बटणंवाली, पण भाव जवळजवळ दुप्पट. मी दसऱ्याला म्हटलं दिवाळीला उतरेल. दिवाळीला थोडा उतरला, तर म्हटलं वर्ष संपताना आणखी उतरेल.

मामाजी घाई करत नव्हते. फक्त दर रविवारी फोनवर विचारायचे, आज कोन्ती चिठ्ठी लावली? मी तिन्हींचे भाव सांगायचे. त्यांनी जन्मभर जिनिंगच्या फळ्यावर खडूनं कापसाचा भाव लिहिला होता, त्यांना त्यात गंमत वाटायची. एकदा मात्र हसत हसत म्हणाले, "आमच्याकडे लोक भाव वाढन म्हनून कापूस घरात ठेवते, अन् तो पिवळा पडते. तू उतरन म्हनून थांबून राह्यली. पिवळं काय पडन, ते पाह्य." मी हसले आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातून व्हिडिओ लावून त्यांना तिन्ही पाट्या दाखवल्या. चार्जिंग किती दिवस पुरतं, किती पुस्तकं मावतात, सगळं वाचलं. ते मधेच म्हणाले, हातात कशी लागते ते सांग. मी वजन सांगितलं. ते म्हणाले, "वजन नाई इचारलं, वं. हातात कशी लागते ते इचारलं." मागे ग्राहक उभा होता. मी म्हटलं चांगली लागते, आणि फोन ठेवला.

शेवटी वर्षअखेरीला पहिल्या कंपनीची, मराठी पुस्तकंवाली पाटी एकदम उतरली आणि मी घेतली. फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं. संक्रांतीला आम्ही खामगावला गेलो. ओट्यावर उन्हात त्यांना बसवलं, त्यांची अर्धी राहिलेली कादंबरी तीत आधीच भरून ठेवली होती ती उघडली, अक्षर सगळ्यात मोठं केलं. पडद्यावर जेमतेम पाच-सहा शब्द राहिले. त्यांनी मान तिरपी केली, कडेच्या नजरेनं पाहिलं आणि मोठ्यानं वाचले. एकेक शब्द. शोभा पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मी म्हटलं आता इथं कोपऱ्यात अंगठा लावा, पान उलटेल. त्यांनी लावला. पान उलटलं नाही. पुन्हा लावला, दाबला, घासला. ह्यांनी हात पुसून दिला, शोभानं बोटाला पाणी लावलं. काही नाही. माझं बोट लागलं की पान लगेच उलटायचं, आणि त्यांचा अंगठा त्या काचेला कळतच नव्हता. बाकीची बोटंही तशीच.

सहा वर्षं मी लोकांना सांगत आले की या काचेला जिवंत कातडी लागते, हातमोज्यानं चालत नाही. आणि ज्या हाताचा खरखरीतपणा लग्नाच्या पहिल्या दिवशी केसांत अडकला होता, तो हात मी अख्ख्या चार महिन्यांच्या हिशेबात धरलाच नव्हता. भाव धरला, उजेड धरला, पुस्तकं धरली. बटणंवाली पाटी महाग म्हणून बाजूला ठेवली. मला रडू यायला लागलं तसे ते म्हणाले, "आता काऊन रडते? काचेले माणूस कळत नसन, त्याले तू काय करशील." आणि मग खाली वाकले आणि नाकाचं टोक त्या कोपऱ्यात टेकवलं. पान उलटलं. "हे पाह्य," म्हणाले, "नाक अजून जिवंत हाय." आम्ही सगळे इतके हसलो की शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावल्या. पुढे त्यांनी करंगळी मुडपून तिच्या पेरानं उलटायचं जमवलं. पेराची कातडी मऊ राहिली होती. पण पेर दहा वेळा टेकवावं तेव्हा दोनदा लागायचं, कधी एकदम चार पानं पुढे जायची आणि मागे यायला त्यांना दिसायचं नाही. शोभा आली की हरवलेलं पान शोधून द्यायची. पाच-सहा शब्दांचं एक पान, म्हणजे जाड कादंबरीला किती वेळा पेर टेकवायचं... दमून जायचे. तरी सोडलं नाही.

मी पुण्याला येताना म्हटलं की ही बदलून बटणंवाली पाठवते. ते म्हणाले, पाठव, त्याले का. मी ती ताबडतोब घ्यायला हवी होती, पण त्या काउंटरवर उभं राहिलं की डोकं तसंच चालायला लागतं. मार्च संपताना कंपन्या जुना माल काढतात, तेव्हा बटणंवाली हमखास उतरते, असं दुकानातले म्हणत होते. मी म्हटलं दोन महिनेच तर आहेत. दुसऱ्यांदा. त्याच माणसासाठी, तीच चूक. हे लिहायला फार जड जातं, पण लिहायचं ठरवलं म्हणून लिहिते.

तेराव्यापर्यंत आम्ही खामगावला होतो. जिनिंगमधली म्हातारी माणसं भेटायला आली. त्यातला एक जण मामाजींच्या खुंटीवरचं काळं कापड हातात घेऊन त्याची घडी पुन्हा पुन्हा घालत बसला. निघताना शोभानं पाटी माझ्या पिशवीत टाकली. म्हणाली, इथं कोण वाचणार, वहिनी. मी नको म्हटलं नाही. पुण्यात कामावर रुजू झाले त्याच्या पाचव्या दिवशी बटणंवालीचा भाव उतरला, चांगलाच उतरला. चिठ्ठी मीच लावली. दुपारी एका मुलानं आपल्या आईसाठी ती विचारली, आज घेऊ की थांबू म्हणाला. मी डब्यावरचं काही वाचलं नाही. त्याला म्हटलं, आई जवळ राहत असतील तर त्यांना घेऊन या, त्यांच्या हातात देऊन पाहा, आणि लागली तर आजच न्या. तो संध्याकाळी आईला घेऊन आला. त्या बाईंनी उभ्या उभ्या चार पानं उलटली. मी दुसरीकडे पाहत राहिले.

सुट्टीच्या दिवशी पाटी पहिल्यांदा उघडली. ती बंद केली होती त्याच पानावर उघडली. अक्षर अजून लिंबाएवढंच. खालच्या उजव्या कोपऱ्यात काच धुरकट होती, पेर टेकवून टेकवून. मी ती पुसली नाही. किती वाचून झालं ते खाली दिसतं... दहात एक भाग राहिला होता. अक्षर लहान केलं असतं तर ते एका दुपारचं काम होतं. मी केलं नाही. रोज भाकऱ्या झाल्या की स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून थोडं वाचते, मोठ्यानं, त्यांच्यासारखेच पाच-सहा शब्द, आणि करंगळी मुडपून पान उलटते. माझ्या पेरानं ते पहिल्या झटक्यात उलटतं. तरी उलटायच्या आधी मी जरा थांबते, "हं, मंग?" एवढं म्हणायला लागेल तितका वेळ. या पुस्तकाचं शेवटचं पान मला वाचायचं आहे.