ग्रुपवरची सरांची जाहिरात

मी सगळ्यात जास्त कुणाचं देणं लागत असेन, तर आमच्या हायस्कुलातल्या विज्ञानाच्या सरांचं. आई-बाप ऊसतोडीला गेले की माझी शाळा तुटू नये म्हणून सर मला स्वतःच्या घरी ठेवून घ्यायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यामुळं. पक्षी बघायची आवडही त्यांनीच लावली.

आता बीडला खोली करून एकटाच राहतो. ऑफिसातून आलो की बोलायला कुणी नसतं. सरांनी काढलेला पक्षीमित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप हीच माझी सोबत. निवृत्त झाल्यापासून सर रोज सकाळी माजलगावच्या धरणावरून फोटो टाकायचे आणि खाली लिहायचे, "ओळखा." कधी शेकाट्या, कधी नदीसुरय. गॅसवर चहा ठेवून मी उत्तर द्यायचो.

ग्रुपवर विक्रीचा नियमही सरांनीच घातला होता. दुर्बीण, कॅमेरा, पुस्तक एवढंच विकायचं. तेही रविवारी, एकदाच, आणि त्या आठवड्यात पाहिलेल्या एका पक्ष्याची नोंद टाकून मगच. बाकी जाहिरात दिसली की काढून टाकायची. ते काम त्यांनी माझ्याकडं दिलं होतं.

आणि एका मंगळवारी सरांनीच जाहिरात टाकली. त्यांच्या मुलानं, आमच्या दादांनी, चौसाळ्याजवळ प्लॉट पाडले होते, त्याची. खाली सगळ्यांनी हात जोडले. सरांना कोण बोलणार? मीही हात जोडले. मग ती रोजच यायला लागली आणि बाकीच्यांचीही भीड चेपली. विमा, कुकर, कोचिंग क्लास. एकाची विम्याची जाहिरात मी काढली, तर लगेच त्याचा फोन.

"का रं, माझीच उडवली? सरांचे प्लॉट लई गोड लागतेत व्हय?"

"सरांचं वेगळं हाय."

"मंग ग्रुपच्या फोटोतलं पाखरू काढ अन् सातबारा लाव की तिथं!"

मला हसू आलं नाही. तो खरं बोलत होता. जुनी माणसं एकेक करून ग्रुप सोडत होती. फोन ठेवला आणि सरांची जाहिरात काढली. संदेश ॲडमिननं हटवला, एवढी ओळ तिथं उरली.

त्यानंतर सरांचा फोटो आला नाही. एकदा मीच बिंदुसरा नदीच्या पुलावरून खंड्याचा फोटो काढून टाकला. खाली लिहिलं, "ओळखा." सरांना फोन लावायला मन धजेना, आणि ग्रुपवर लिहिणं म्हणजे चारचौघांत त्यांना बोलणं. शेवटी पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

तुमची जाहिरात मीच काढली. आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, पण धीर झाला नाही. दादांच्या प्लॉटचं मी ऑफिसात सांगितलंय. एक जण बघायला येणार आहे. पण ग्रुपवर ती पुन्हा आली, तर मी पुन्हा काढीन. तुम्हीच दिलेलं काम आहे, ते अर्धं करता येत नाही. याचा राग असेल तर मला रागवा, मी ऐकून घेईन. पण फोटो बंद करू नका. येत्या रविवारी घरी येतोय. काकूंना सांगून ठेवा, जेवायचं काही करू नका. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. थोडा वेळ ओट्यावर बसेन आणि दुपारच्या गाडीनं परत जाईन.

तुमच्या घरी वाढलेला,
तुमचा विद्यार्थी