एका फटक्याला तीन सल्ले

ड्रायव्हरने चौतीस वर्षं बस चालवली आणि कधी कुणाला साधा धक्का लावला नाही. पण गोल्फचा एवढासा चेंडू, जो जागचा हलतसुद्धा नाही, त्याला नीट धडक देणं त्याला तीन वर्षांत जमलं नव्हतं.

हा खेळ त्याच्या वाट्याला आला तोही बसमुळेच. नोकरीची शेवटची अकरा वर्षं त्याची बस गावाबाहेर, पाण्याच्या टाक्यांपलीकडे, गोल्फच्या मैदानाच्या फाटकाशी येऊन थांबायची. परतीच्या फेरीला वीस मिनिटं असायची. तेवढ्या वेळात तो आणि त्याचा कंडक्टर तारेच्या कुंपणाला टेकून आतली गंमत बघायचे. आतला माणूस ऐटीत काठी उगारायचा, चेंडू दहा पावलांवर गवतात लोळायचा आणि हे दोघे बाहेर खिदळायचे. "यात काय आहे रे? चेंडू उभा, मैदान मोकळं, समोरून कुणी येत नाही," ड्रायव्हर म्हणायचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! दोघे एकाच वर्षी निवृत्त झाले आणि महिनाभरात कंडक्टरने त्याला ओढत मैदानात नेलं. मैदान नगरपालिकेचं. सकाळी सहा ते आठ गावातल्या कुणालाही खेळता यायचं, काठ्याही तिथेच मिळायच्या, जुन्या का होईना. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने सोळा वेळा काठी फिरवली. सोळाही वेळा चेंडू होता तिथेच. कुंपणाबाहेर नव्या ड्रायव्हरची बस उभी होती आणि कुणीतरी खिदळत होतं.

तिथेच त्यांना आणखी दोघे भेटले. एक टेलरताई. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दिवसभर मशीनवर वाकून पाठ धरायची म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि नुसतं चालायचा त्यांना मनस्वी कंटाळा. दुसरे भूमितीचे सर. शाळा सुटून सहा वर्षं झाली तरी त्यांच्या खिशातला कोनमापक सुटला नव्हता. चेंडू मारण्याआधी ते गवतावर गुडघे टेकून एक डोळा मिटायचे, हवेत बोटाने रेघ ओढायचे, पुटपुटायचे, आणि मग जे व्हायचं ते मात्र भूमितीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

चौघांचं जमलं कारण चौघेही सारखेच वाईट खेळायचे. त्यांनी आपसांत एक नियम करून टाकला. ज्याचा फटका फसेल त्याने काठी जमिनीला टेकवून उभं राहायचं आणि उरलेल्या तिघांनी एकेक सल्ला द्यायचा. एकेकच, पाल्हाळ नाही. ऐकणाऱ्याने उलट बोलायचं नाही. आणि फटका चांगला बसलाच, तर कुणी तोंड उघडायचं नाही, सरळ पुढे चालू लागायचं. सरांच्या मते स्तुतीने माणसाचा खांदा सैल पडतो. त्यामुळे त्या मैदानावर तीन वर्षांत या चौघांपैकी कुणीही कुणाला 'वा' म्हटलेलं नव्हतं.

सर्वांत जास्त सल्ले अर्थातच ड्रायव्हरच्या वाट्याला यायचे. त्याची खोड जुनी होती. काठी वर नेली की खाली आणण्याआधी त्याची मान हटकून उजवीकडे वळायची, आरशात बघितल्यासारखी. आणि काठी खाली येताना डावा पाय गच्च खाली दाबला जायचा.

"अरे, क्लच सोड!" कंडक्टर ओरडायचा. "मागून कुणी येत नाही! मी बघतोय ना!"

"कमरेतून वळा, ड्रायव्हर. नव्वद अंश. तुमचे जेमतेम साठ भरतात," सर म्हणायचे.

"कोपर अंगाला चिकटू द्या, दादा. अंगात उसवलेली बाही घातल्यासारखे हात काय उडवता?" ही टेलरताई.

ड्रायव्हर काठी टेकवून मुकाट ऐकायचा. पुढच्या फटक्याला कंबर नव्वद अंशांत वळायची, कोपर अंगाला चिकटायचं, आणि मान पुन्हा आरशात बघायची. पालथ्या घड्यावर पाणी. पण खरं सांगायचं तर घरी येताना तो रोज शीळ घालत यायचा. चौतीस वर्षं त्याच्या पाठीमागे पन्नास माणसं बसत आली होती आणि त्यांतल्या एकालाही तो कसा उभा राहतो, कसा वळतो याच्याशी देणंघेणं नव्हतं. इथे तिघं जण रोज सकाळी त्याच्या कोपराची काळजी वाहत होते. त्याच्या बायकोच्या हे केव्हाच ध्यानात आलं होतं. "तुम्हाला खेळ येवो न येवो, बोलणी खाऊन आलात की दोन घास जास्त जेवता," ती म्हणायची.

मग त्याचा उजवा खांदा दुखायला लागला.

सुरुवातीला त्याने दुर्लक्ष केलं, मग मलम चोळलं, मग बायकोने धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बघितले. जुन्या गाड्यांचं जड स्टेअरिंग वर्षानुवर्षं ओढून खांद्याच्या आतली दोरी झिजली होती, आता ती तुटायला आली होती. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. नंतर हात रोजच्या कामापुरता चालेल, पण खांद्याच्या वर उगारून जोर लावायचा नाही, म्हणजे कधीच नाही.

"गोल्फ?" ड्रायव्हरने विचारलं.

"ते तर विसराच," डॉक्टर म्हणाले, आणि तारीख लिहून दिली. तीन आठवड्यांनंतरची.

शस्त्रक्रियेची ड्रायव्हरला भीती नव्हती. त्याला वेगळीच भीती होती, आणि ती त्याने रात्रीच्या जेवणाच्या वेळी बायकोला सांगून टाकली. "अगं, ते तिघं खेळणार. मी काय, बाकावर बसून बघणार? दोन दिवस विचारपूस करतील. मग चौथा कुणीतरी मिळेल त्यांना. चौघांचा खेळ आहे तो."

"सांगा तर आधी त्यांना," बायको म्हणाली.

"सांगतो."

पण सांगितलं नाही. तीन आठवडे तेवढे तरी पदरात पाडून घ्यावेत असं त्याने ठरवलं. तो रोज सकाळी सहाला हजर व्हायचा, दात आवळून काठी अर्धीच उगारायचा, आणि ताकास तूर लागू द्यायचा नाही. फटके अर्थातच आणखी बिघडले. सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. आणि एका सकाळी, चेंडू सलग पाचव्यांदा पायाशीच घुटमळला तेव्हा, त्याने काहीतरी बोलायचं म्हणून नियम मोडून उत्तर दिलं.

"माझं काही चुकत नाही. हा शर्टच मेला काखेत अडकतो."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून कंडक्टर हसला. पण शर्टाचं नाव काढल्यावर टेलरताई कुठल्या हसतात! त्यांनी जवळ येऊन बाही चिमटीत धरून पाहिली, शिलाई उलटी करून पाहिली, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तयार कपडे घ्यायची हौस ना! संध्याकाळी दुकानात या. माप घेते आणि काखेत सैल असा शर्ट शिवून देते. मग बघू काय सबब सांगता ते."

आता जाणं भाग होतं. न जावं तर संशय. संध्याकाळी ड्रायव्हर दुकानात गेला. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन मशीन, भिंतीला कापडांचे तागे, कापायच्या टेबलावर खडू आणि वजनाला ठेवलेली इस्त्री. ताईंनी गळ्यातला टेप काढला. छाती झाली, पाठ झाली, लांबी झाली.

"हात बाजूला, वर करा."

त्याने हात बाजूला केला. खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. ताई टेप धरून वाट बघत राहिल्या.

"अजून वर."

"एवढाच पुरे की."

"दादा, तीस वर्षं माणसांचे हात वर करून मापं घेते आहे मी." त्यांनी त्याच्या कोपराला खालून हलकासा आधार देऊन हात उचलला. ड्रायव्हरच्या तोंडून 'आई गं' निघून गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

ताईंनी टेप गुंडाळला. शिवायला आलेल्यांसाठी ठेवलेल्या स्टुलावर त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि तो बोलेपर्यंत काही विचारलं नाही. त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर, तारीख, कधीच नाही.

"उद्या सकाळी तुम्ही सांगता की मी सांगू?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिला फटका मारायच्या आधीच सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. कंडक्टर मात्र भडकला. "एकोणीस वर्षं एका गाडीत काढली आपण. तुझ्या पोटात दुखलं तरी मला आधी कळायचं. आणि दोन आठवडे मी तुला 'हात वर ने, हात वर ने' म्हणून ओरडतोय, आणि तू नेतोयस? माणूस आहेस का कोण आहेस?" तो तोंड फिरवून टाक्यांकडे बघत उभा राहिला. त्या दिवशी कुणीच खेळलं नाही.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली आणि नीट पार पडली. तिघंही भेटायला आले, खुर्च्या ओढून बसले, हवापाण्याचं बोलले. खेळाचा विषय कुणी काढला नाही. ते ड्रायव्हरच्या लक्षात आलं. घरी आल्यावर दोन महिने हात झोळीत, मग व्यायाम, मग डॉक्टरांची परवानगी: कमरेच्या खाली हात काय हलवायचा तो हलवा. ड्रायव्हरने डोकं लढवलं. भोकाजवळ आल्यावर चेंडू हळूच ढकलायचा असतो, तिथे हात उगारावा लागत नाही. तेवढं तर त्याला जमणार होतं. एका सकाळी तो उठला, टेलरताईंनी शिवून पाठवलेला नवा शर्ट चढवला, बायकोने बुटांच्या नाड्या बांधून दिल्या, आणि तो सहाच्या ठोक्याला मैदानावर पोचला.

तिघं होते. चौथा कुणी नव्हता. ते बघून त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याने आपला बेत सांगितला. "तुम्ही लांबून मारा. चेंडू भोकाजवळच्या हिरवळीवर आला की ढकलायला मलाही एक द्या."

"अहो, जरूर!" सर म्हणाले. जरा जास्तच लगबगीने म्हणाले.

कंडक्टरने स्वतः वाकून चेंडू मांडला, भोकापासून पाच-सहा पावलांवर. ड्रायव्हरने काठी धरली आणि ढकलला. चेंडू भोकाच्या हातभर डावीकडून लांब निघून गेला.

"वा!" सर म्हणाले.

ड्रायव्हरने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"छान गेला, दादा," टेलरताई म्हणाल्या.

कंडक्टरने धावत जाऊन चेंडू आणून पुन्हा मांडला. दुसरा फटका भोकापर्यंत पोचलाच नाही. "सुरुवात म्हणून उत्तम," कंडक्टर म्हणाला. कंडक्टर! ज्याने आयुष्यात स्वतःच्या सासऱ्यालासुद्धा तिकिटाशिवाय बसू दिलं नव्हतं.

ड्रायव्हरने तिसरा चेंडू घेतला, भोकाकडे पाठ केली आणि मुद्दाम उलट्या दिशेला, थेट पायवाटेवर ढकलून दिला.

"हरकत नाही," सर मायेने म्हणाले. "होतं असं."

ड्रायव्हरने काठी गवतावर ठेवली. बरं वाटावं म्हणून तिघं धडपडत होते, हे त्याला कळत होतं. त्याने ज्याची धास्ती घेतली होती तेच झालं होतं. बाकावर त्याला कुणी बसवलं नव्हतं, पण उभ्याउभ्या बाहेर काढलं होतं. त्याला रडूच आलं, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

"मी घरी जातो," तो म्हणाला. "तीन वर्षं बोलणी खाल्ली तुमची, कधी वाईट वाटलं नाही. आज वाटलं. पाहुण्याला 'वा' म्हणतात. मी पाहुणा आहे का इथे?"

टेलरताईंनी सरांकडे पाहिलं, सरांनी बुटांकडे. कंडक्टर पायवाटेपर्यंत चालत गेला, चेंडू उचलून आणला, शर्टाला पुसला आणि पुन्हा त्याच जागी मांडला. मग खाली पडलेली काठी उचलून ड्रायव्हरच्या हातात कोंबली.

"खरं बोलू?"

"बोल."

"भिकार मारलेस तिन्ही. चेंडूकडे बघतच नव्हतास तू, आमच्या तोंडांकडे बघत होतास."

"आणि मनगटं दोन वेगवेगळ्या दिशांना," सरांना एकदम कंठ फुटला. "मला तर बघवेना."

"आणि पोट आत घ्या, दादा," टेलरताई डोळे पुसत म्हणाल्या. "एवढ्या दिवसांत किती सुटलंय ते! नवा शर्ट आता उसवावा लागणार."

ड्रायव्हरने पोट आत घेतलं. मनगटं सरळ केली. या खेपेला त्याने फक्त चेंडूकडे पाहिलं आणि ढकलला. चेंडू गवतावरून संथ घरंगळत भोकाच्या काठापर्यंत गेला, काठावरून वळला आणि पलीकडे दोन वीत जाऊन थांबला.

'वा' कुणीच म्हटलं नाही.