पिवळ्या-जांभळ्या शिंगांची म्हैस

तुम्ही स्वतः लिहिलेला नियम कधी स्वतःच मोडलाय का? आणि मग त्याच नियमाखाली दुसऱ्या कुणाला शिक्षा होताना मान खाली घालून बसलाय का?

मी बसलेय. हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. घरी नाही, तालमीत नाही. सांगणार होते — बऱ्याचदा. प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुठल्या तरी अन्यायावर पत्रक लिहून मोकळी झाले. तुम्ही ती पत्रकं वाचलीत. काहींनी मला शाबासकीही दिलीत. म्हणूनच हे तुम्हालाच सांगायला हवं.

आमच्या घरात पत्रकं कधी संपली नाहीत. वडील कामगार संघटनेत होते. मी वाचायला शिकले तीच 'बंधू-भगिनींनो' या शब्दांवर. त्यामुळे एखादी गोष्ट चुकीची दिसली की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. बाकी काही येत नाही मला. शिवाजी पेठेत मोठी झाले, तेव्हा फुटबॉलही रक्तातच. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते — तालीम म्हणजे आमच्याकडे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. गणपती तिचा, भांडणं तिची आणि फुटबॉलचा संघही तिचाच.

आणि त्या संघांचं काय झालं होतं, ते तुम्हीही बघत होताच. मोसमाआधी खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस आले की पेठांमध्ये अक्षरशः पळवापळवी व्हायची. खेळाडू दुसरीकडे सही करील म्हणून त्याला आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी शेतातल्या बंगल्यावर नेऊन ठेवायचे. मोबाईल काढून घ्यायचा, दोन वेळचं मटण घालायचं आणि नोंदणीच्या सकाळी थेट गाडीतून फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात. परदेशातून खेळाडू आणायचे. पैसा कुठून? कुणी नेता, कुणी ठेकेदार. वर्गणीवर चालणाऱ्या लहान तालमींनी पोरं घडवायची आणि मोठ्यांनी उचलायची. एका तालमीची पुढची फळी एका नोंदणीत गेली, तेव्हा त्यांनी मैदानात उतरायचंच सोडून दिलं.

मी पेटले. युरोपातल्या गडगंज क्लबांनाही कमाईच्या बाहेर जाऊन खेळाडू विकत घेता येत नाहीत, त्यांचे गुण कापतात, दंड होतो — मग आमच्या पेठांनाच मोकळं रान का? असं पत्रक काढलं. दुसरं काढलं. तालमींच्या बैठकीत ओरडले. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं आणि मसुदा मलाच लिहायला सांगितला. खेळाडूला पैसा किंवा वस्तू द्यायची नाही. तालमीने दिली तर तालीम मोसमातून बाद. खेळाडूने घेतली तर तो दोन मोसम बाहेर. शब्दन् शब्द माझा. किती ताठ मानेनं फिरत होते मी त्या दिवसांत!

मग रणजित आला.

शहराजवळच्या गडमुडशिंगी गावचा पोरगा. डावा पाय असा, की चेंडू त्याच्यापाशी आला की गॅलरीतल्या बायकाही उठून उभ्या राहायच्या. तो आमच्याकडे यायला तयार होता, पण त्याच्या आईनं तालमीचं बघणाऱ्या आप्पांना दारातच सुनावलं होतं, "पैसं नगोत. पैसं चार दिसात संपत्यात. एक म्हस द्या. पोराच्या पायावर घर चालाय नगं." त्यांची दुभती म्हैस त्याच वर्षी गेली होती.

आप्पा हसत हसत माझ्याकडे आले. "ए पत्रकवाली, तुझ्या नियमात म्हशीचं काय लिवलंय का गं?"

इथे मी थांबले असते तर? 'वस्तू' या शब्दात म्हैसही येते, हे मला कळत नव्हतं का? मीच लिहिला होता तो शब्द. नुसतं "होय, लिहिलंय" म्हणायचं होतं. पण आमच्या तालमीनं चषक उचललेला मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. शिवाय — हे लिहायला जड जातंय — मला विचारलं जातंय याचं सुख होतं. मी म्हटलं, "तालमीनं द्यायची नाही. कुणीतरी स्वतःची म्हैस विकली म्हणायचं, आणि पैसे दुधातून वळते करतोय म्हणायचं." आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पैसे कधी वळते व्हायचे नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी स्वतः गडमुडशिंगीला गेले आणि रणजितला आणि त्याच्या आईला शिकवून आले, कुणी विचारलं तर काय सांगायचं ते. त्याची आई म्हणाली, "ताई, तुमी म्हंता म्हंजे बरोबरच आसंल की."

कुणाला कळलंही नसतं. पण दिवाळीचा पाडवा आला. आपल्याकडे पाडव्याला म्हशी सजवून, शिंगं रंगवून मिरवतात. मालकाच्या गाडीमागं पळवतात. रणजितच्या आईनं नवी म्हैस घासूनपुसून तयार केली आणि एक शिंग पिवळं, एक जांभळं रंगवलं. आमच्या तालमीचे रंग. उपकाराची जाण, दुसरं काय? तिच्या लेखी ती म्हैस तालमीचीच होती, मग तालमीचा मान नको राखायला? त्या शिंगांचा फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठांमध्ये फिरला. समोरच्या तालमीची पोरं कट्ट्यावर ओरडत होती, "आरं, म्हस सही करून आली की रं!"

तक्रार झाली. चौकशीला तीन ज्येष्ठ मंडळी बसली आणि मला बोलावलं — नियम लिहिणारी म्हणून. आमच्याच तालमीची असूनही. समोरच्या तालमीनंही हरकत घेतली नाही. "ती खोटं बोलायची न्हाय," असं त्यांचाच माणूस म्हणाला. ऐकताय ना? विरोधकही म्हणाला.

आत जाण्याआधी आप्पांनी मला जिन्यात गाठलं. आवाज चढवला नाही, धमकी नाही. एवढंच म्हणाले, "तालीम ऱ्हावी का पोरगं ऱ्हावं, तूच बघ."

रणजित तिथं बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट. त्याला शिकवलेलं त्याने सांगितलं — म्हैस विकत घेतली, दुधातून पैसे वळते होतायत. मग त्यांनी विचारलं, कुठल्या डेअरीला? किती वळते झाले आजवर? तो अडखळला. माझ्याकडे बघितलं. माझं नाव त्याने घेतलं नाही. फक्त बघत राहिला — आता ताई बोलतील, अशा नजरेनं.

"ह्यात तालमीचा हात हाय का?" मधल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "माझ्या माहितीत नाही."

तीन शब्द. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तू म्हंतीस म्हंजे झालं." मग म्हैस ज्यानं विकली असं दाखवलं होतं त्या माणसाला तालमीचा पदाधिकारी नाही म्हणून सोडून दिलं. तालीम सुटली. वस्तू घेतली म्हणून रणजित दोन मोसम बाहेर. माझ्याच वाक्यानं.

वाटलं असेल तुम्हाला, कबुली संपली. नाही. अजून आहे.

पुरावा उरायला नको म्हणून आप्पांची माणसं टेम्पो घेऊन म्हैस परत आणायला गेली. रेडकासकट. त्यातल्या एकानं ते सगळं कट्ट्यावर रंगवून सांगितलं. म्हातारी कशी टेम्पोच्या आडवी आली, कासेकडं बोट दाखवत कशी म्हणाली, "आरं, धार तरी काढू द्या की, तटलीया ती." त्यानं तिचा आवाज काढून दाखवला. सगळे हसले.

मी पण हसले.

का हसले? मला खरंच माहीत नाही. हसायचं नसेल तर काय करायचं, हे ठरवावं लागलं असतं, आणि ते मला ठरवायचं नव्हतं — असं काहीतरी. पण हे कारण नाही झालं. कारण नाहीच. त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं: 'नियमाचा विजय'. त्यात लिहिलं, की आमिषाला बळी पडणाऱ्या खेळाडूंनी यातून धडा घ्यावा. नाव घेतलं नव्हतं. गरजच नव्हती.

त्या मोसमात आमची तालीम जिंकली. पोरींनी मलाही गुलाल लावला. रणजित त्या वेळी गडमुडशिंगीहून रोज औद्योगिक वसाहतीत कामाला जात होता, अजूनही जातो. एकदा रस्त्यात दिसला. मी दुचाकी दुसऱ्या गल्लीत वळवली. त्याने हाक मारली असती तर? मारली नाही. तसा तो चांगला आहे, आणि त्याचा चांगुलपणा मी वापरून घेतला.

मला आता झोप लागते का, मला त्रास होतो का, हे तुम्ही विचारू नका. त्रास त्याला झाला. वयाच्या ज्या वर्षांत पाय सगळ्यात वेगानं पळतात त्यातलं एक वर्ष त्याचं गेलं, आणि दुसरंही जाणार आहे. मी जे गमावीन ते म्हणजे तुमची शाबासकी. ती माझी नव्हतीच.

खोटं मी बोलले. म्हैस तालमीनं दिली, युक्ती माझी होती, आणि त्या मायलेकांना खोटं पढवणारीही मीच. हे मी परवा फुटबॉल संघटनेला सही करून दिलंय. आप्पांनाही सांगितलंय. ते म्हणाले, "तालीम बुडवलीस." बुडू दे एक मोसम. नियम तेच सांगतो.

पण एकट्या माझ्या सहीनं काही हलणार नाही. माझा शब्द किती किमतीचा आहे ते आता उघडच आहे. पुढच्या आठवड्यात नोंदणी सुरू होतेय. तुमच्या तालमीचा जो माणूस संघटनेच्या बैठकीला बसतो, त्याला आजच गाठा. त्याला हे सगळं वाचून दाखवा आणि माझ्या शब्दावर विसंबलेल्या रणजितवरची उरलेली बंदी उठवायला हात वर करायला सांगा.