ओलं फडकं

"मॅडम, तुमी तिकूनच सांगा. फळ्याले हात आमचे गुरुजी लावतीन."

मुख्याध्यापक हे बोलले तेव्हा माझं बोट फळ्यापासून वीतभर लांब होतं. मी ते मागं घेतलं. त्याची आजही चीड येते. त्यांची नाही, माझीच.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. डिजिटल फळा वर्गात कसा वापरायचा, हे शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. चिखलीहून जीपनं त्या शाळेत पोचले. मुख्याध्यापकांनी आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग, "गावात घर कोण्या बाजूले?" सांगितलं. चहा आला. बाकीच्यांना कपात, मला कागदी पेल्यात.

बोट लावल्याशिवाय चालत नाही असा तो फळा. आणि शिकवणाऱ्या बाईनंच बोट लावायचं नाही! मी शेवटच्या बाकाजवळून ओरडत राहिले, "डावीकडं दाबा, अजून खाली." गुरुजी घामाघूम. माझ्याकडे बघत नव्हते. महागाची वस्तू आहे, जपत असतील, अशी मी स्वतःची समजूत काढली. अहवालावर मुख्याध्यापकांची सही लागते, सहीशिवाय भेट धरत नाहीत. म्हणून गिळलं सगळं.

एकदाच पुढं झाले. बोट एकीकडं, रेघ भलतीकडं उमटत होती. कोपऱ्यात दाबून नीट करून दिलं आणि मागं आले.

जेवणाच्या सुट्टीत विसरलेला चार्जर घ्यायला वर्गात गेले. मुख्याध्यापक ओल्या फडक्यानं फळा पुसत होते. मी हात लावला होता तोच कोपरा. फळा चालूच होता. त्याला फडकं काय आणि बोट काय! पुसावं तिथं काळी रेघ उमटायची. ते जोर लावत गेले, कोपरा काळा होत गेला.

मला बघून ओशाळलेही नाहीत. "हे काऊन मिटत नाही? तिथूनच सांगा, काय दाबू?"

माझं डोकं फिरलं. "तिथून सांगणार नाही. मी येऊन मिटवते. माझ्या हातानं."

"मंग सही भेटणार नाही."

"नका देऊ."

ते फळ्याला पाठ लावून उभे राहिले. मी चार्जर उचलला आणि निघाले.

अहवालात कागदी पेला लिहिला, फडकंही लिहिलं. सहीची जागा रिकामी ठेवून तसाच वर पाठवला. आता चौकशी माझीच होईल, ठाऊक आहे. नोकरी सोडून जायची माझी ऐपत नाही, हेही ठाऊक आहे.

त्या शाळेची दुसरी भेट गुरुवारी आहे. आधी फळ्याला हात लावीन. नमस्कार मग.